जुन्या गाडीचा एसी कमी थंड करतोय? गॅस भरण्याआधी काय काय तपासायचं

एसीची हवा कोमट यायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: गॅस कमी झाला असेल, भरून टाका. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेलाय, आणि ती जागा न शोधता वरून नवा घातला तर तोही त्याच वाटेने जाणार. शिवाय दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत थंडावा कमी होण्याची बरीच कारणं गॅसच्या नळ्यांबाहेरच असतात. फिल्टर चोंदतो, कंडेन्सरचा (रेडिएटरपुढच्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा मंदावतो, हीटरची झडप नीट मिटत नाही, कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) क्लचची फट वाढते. यातलं काहीही तपासायला गॅसचा दाब मोजणारे गेज लागत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हवा, मग हीटर, मग कंडेन्सर, मग क्लच, आणि सगळ्यात शेवटी गॅस.

आधी आकडा हातात घ्या

‘पूर्वीसारखं थंड होत नाही’ यावरून काहीच ठरवता येत नाही. सळईचा साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचा. गाडी सावलीत, इंजिन गरम झालेलं, काचा बंद, तापमानाची कळ पूर्ण थंडवर, ब्लोअर मधल्या स्पीडवर आणि रीसर्क्युलेशन (केबिनमधलीच हवा फिरवणं) चालू. दहा मिनिटांनी एक आकडा आयडलिंगला घ्या, दुसरा इंजिन १५०० आरपीएमवर धरून. बाहेर ३०-३५ अंश असताना व्हेंटला ५ ते १० अंश मिळत असतील तर एसी ठणठणीत आहे. हवा दमट असेल तर तीन-चार अंश जास्त येतात, कारण कूलिंग कॉइलची (डॅशबोर्डच्या आतल्या, हवा गार करणाऱ्या जाळीची) बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते. त्यामुळे फरकाचा हिशोब जास्त भरवशाचा: रीसर्क्युलेशनची हवा जिथून आत ओढली जाते (बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या खाली-मागे) तिथलं तापमान आणि व्हेंटचं तापमान यांत १५ ते २० अंशांचं अंतर हवं.

या दोन आकड्यांवरून दिशा कळते. चालत्या गाडीत थंड आणि सिग्नलला कोमट होत असेल तर कंडेन्सरवर हवा पुरत नाही. हवा थंड आहे पण जोर नाही, तर फिल्टर, ब्लोअर किंवा मळलेली कॉइल. अर्धा-पाऊण तास मस्त थंड आणि मग हवेचा जोरच हळूहळू जातो, तेव्हा कॉइलवर बर्फ धरतोय. एसी दहा मिनिटं बंद ठेवून फक्त ब्लोअर चालवल्यावर जोर परत आला तर खात्रीच. अशा वेळी थर्मोस्टॅट किंवा कॉइलचा सेन्सर बघा. तो बर्फ धरण्याआधी कॉम्प्रेसर बंद करत नाहीये, किंवा त्याची टोकं कॉइलच्या पत्र्यांतून निसटली आहेत.

हवेची वाट

केबिन फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे किंवा वायपरखालच्या जाळीत असतो. जुन्या काही मॉडेलांत त्याची खाच असते पण फिल्टर बसवलेलाच नसतो, काहींत खाचही नसते. मग सगळी धूळ थेट ओल्या कॉइलवर बसते आणि तिचा नमदा तयार होतो. हे बघायला डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. ब्लोअरची मोटर किंवा तिचा रेझिस्टर (स्पीड कमी-जास्त करणारा भाग) काढला की त्या भोकातून टॉर्च आणि छोटा कॅमेरा घालून कॉइलचा पुढचा भाग दिसतो. हलका मळ फेस होणाऱ्या कॉइल क्लीनरने निघतो. मात्र आधी पाण्याची निचरा नळी मोकळी आहे ना ते पाहा. घट्ट नमदा असेल तर पेटी उतरवूनच साफ करावी लागते. तिथे प्रेशरचं पाणी मारू नका, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आडवे होतात आणि हवा कायमची अडते.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल तर रेझिस्टर गेलाय. शेवटच्या स्पीडलाही जोर नसेल तर मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि मोटरच्या कनेक्टरवर १२ पेक्षा कमी, म्हणजे वाटेत कुठे तरी व्होल्टेज मरतंय. बहुधा कनेक्टरच्या एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं सापडतं. नुसता रेझिस्टर बदलून उपयोग नाही, तो कनेक्टरही कापून नवा लावा, नाहीतर नवा रेझिस्टरही तसाच जळेल.

व्हेंटमधून स्पंजचे बारीक चुरा झालेले तुकडे उडत असतील तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आतल्या झडपांवर चिकटवलेला फोम वयाने कुजतो. तो गेला की झडप बंद असूनही कडेने किंवा तिच्या भोकांतून गरम हवा मिसळत राहते. काही गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या बाजूने हात जातो आणि झडपेवर बंद पेशींचा (हवा-पाणी आरपार न जाऊ देणारा) नवा फोम चिकटवता येतो. रीसर्क्युलेशनची झडप खरंच हलते का तेही डोळ्यांनी बघा. बटणावरचा दिवा लागतो म्हणजे झडप फिरली असं नाही. केबल तुटलेली असू शकते.

हीटर गुपचूप चालू आहे का

जुन्या गाडीत हे कारण बऱ्याचदा निघतं आणि फार कमी लोक तपासतात. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइलला लागूनच हीटरची कॉइल असते. काही गाड्यांत तिच्याकडे जाणारं गरम पाणी एका वाल्वने अडवतात, काहींत पाणी कायम फिरतं आणि फक्त झडप हवा अडवते. वाल्व गळका असो की झडपेची केबल सैल असो, थंड केलेली हवा पुन्हा तापून बाहेर येते. गॅस कितीही भरा, फरक पडणार नाही.

परीक्षा सोपी आहे. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन हीटर होजपैकी एक होज गुळगुळीत जबड्याच्या होज क्लॅम्पने दाबून बंद करा. साधी पक्कड वापरू नका, वयाने कडक झालेलं रबर चिरतं आणि उकळतं कूलंट अंगावर येतं. एसी चालू ठेवून दहा मिनिटांनी व्हेंटचा आकडा बघा. तीन-चार अंश खाली आला तर चोर सापडला. केबलचा क्लिप सोडून, झडप हाताने पूर्ण थंडच्या टोकाला धरून, क्लिप पुन्हा बसवला की बऱ्याच गाड्या सुधारतात. वाल्व गळका असेल तर तो बदलायचा.

कंडेन्सर: एक बाटली पाणी आणि दोन मिनिटं

आयडलिंगला कोमट होणाऱ्या गाडीत आधी हे करा. थर्मामीटर व्हेंटमध्ये ठेवून, इंजिन आयडलिंगला असताना, पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारत राहा. एक-दोन मिनिटांत आकडा सरसर उतरला तर गॅसचं सर्किट पुष्कळसं ठीक आहे. कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये.

मग का टाकता येत नाही ते बघायचं. पुढून स्वच्छ दिसणारा कंडेन्सर मागून बुजलेला असू शकतो, कारण खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साठतो: पानं, किडे, धुळीचा थर. रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सोडून तो थोडा मागे कलला की फट उघडते. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या नळाच्या दाबाने मारा. वाकलेले पत्रे फिन कोंबने (पत्र्यांत फिरवायच्या बारीक कंगव्याने) सरळ होतात.

पंखा तपासताना नुसता फिरतो की नाही एवढंच पाहू नका. एसी लावल्यावर जाळीपुढे वहीचा कागद धरा, तो कंडेन्सरला ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद बाहेर ढकलला जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या गेल्यात आणि पंखा उलटा फिरतोय. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त सापडते. दोन स्पीडचा पंखा फक्त एकाच स्पीडला चालत असेल तर त्याचा रेझिस्टर किंवा रिले बघा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्यात व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला घट्ट धरणारा) असतो. गरम इंजिन बंद करून (चावी काढून) हाताने ढकलल्यावर पंखा भिरभिर फिरत राहिला तर तो क्लच गेलाय.

आणखी एक गोष्ट अपघाताच्या दुरुस्तीनंतर हमखास हरवते: कंडेन्सरच्या चारही कडांचा फोम आणि प्लास्टिकचे आडोसे. ते नसले की उभ्या गाडीत पंख्याने मागे फेकलेली गरम हवा कडेने वळून पुन्हा पुढे येते आणि कंडेन्सर तीच तापलेली हवा परत ओढतो. दारांना लावायची फोमची जाड पट्टी कडांना चिकटवली तरी फरक थर्मामीटरवर दिसतो.

क्लच आणि बेल्ट

एसी लावल्यावर कॉम्प्रेसरकडून ‘टक’ असा आवाज येऊन पुलीच्या पुढची चकती फिरायला हवी. आवाजच नाही, तर फ्यूज, रिले, मग क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज. १२ व्होल्ट पोहोचूनही क्लच ओढत नसेल तर क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ते ५ ओहम अपेक्षित आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

अर्धा तास चालून कॉम्प्रेसर सुटत असेल आणि गाडी गार झाल्यावर पुन्हा लागत असेल तर फटीवर संशय घ्या. चकती आणि पुली यांच्यात ०.३ ते ०.६ मिमी फट असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. झिजून ती वाढली की थंड कॉइल चकती ओढून घेते, पण तापल्यावर कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो, चुंबक कमजोर पडतं आणि चकती सुटते. सुटलेल्या अवस्थेत कनेक्टरवर व्होल्टेज आहे का बघा. असेल तर निदान झालं. इंजिन बंद करून फीलर गेजने तीन ठिकाणी फट मोजा. मधला नट किंवा बोल्ट काढून चकती बाहेर घ्या, आतल्या पातळ शिमपैकी एक काढा, परत बसवून मोजा. फट ०.३ च्या खाली नेऊ नका, एसी बंद असतानाही चकती घासत राहील. यासाठी गॅस काढावा लागत नाही, कॉम्प्रेसरही उतरवावा लागत नाही. तरी याच दोषासाठी अख्खे कॉम्प्रेसर बदलले जातात.

बेल्टचं काम थोडं. आतली बाजू चकचकीत झालेली असेल किंवा भेगा असतील तर बदला, सैल असेल तर ताणा.

क्लचला व्होल्टेजच येत नसेल तर प्रेशर स्विचने वीजपुरवठा तोडला असण्याची शक्यता मोठी. गॅसचा दाब साधारण २ बारच्या खाली गेला की हा स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे वंगण नाही. स्विचला वायरने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवणं म्हणजे तो मुद्दाम जाम करणं.

आता गेज

इथून पुढे डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे घाला. उडणारा द्रव गॅस त्वचेला बर्फाची जखम करतो. आर-१३४ए (अशा गाड्यांच्या एसीतला नेहमीचा गॅस) हवेत सोडून देऊ नका. त्याचा तापमानवाढीचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे आणि अनेक देशांत तो असा सोडणं बेकायदा आहे. गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा.

गेज दोन असतात: लो साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूचा, आणि हाय साइडचा, म्हणजे त्यातून निघणाऱ्या जास्त दाबाच्या बाजूचा. इंजिन बंद आणि गार असताना दोन्ही गेज सारखा दाब दाखवतात. आर-१३४एचा हा दाब तापमानावर ठरतो: २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४. याहून बराच कमी असेल तर सर्किट जवळजवळ रिकामं आहे. बराच जास्त असेल तर आत हवा किंवा दुसरा गॅस मिसळलाय. पण आकडा बरोबर आला म्हणून गॅस पूर्ण आहे असं समजू नका. आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी दाब तेवढाच दिसतो.

मग इंजिन १५०० आरपीएमवर, ब्लोअर फुल, दारं उघडी. बाहेर ३०-३५ अंश असताना लो साइडला ३० ते ४५ आणि हाय साइडला २०० ते २७० पीएसआय ही धडधाकट एसीची खूण. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा भरलाय, आत हवा आहे किंवा कंडेन्सर तापलाय, म्हणून आधी पाण्याचा फवारा मारून बघा. लो जास्त आणि हाय कमी, शिवाय रेस देऊनही अंतर वाढत नाही, तर कॉम्प्रेसर आतून थकला. व्हेरिएबल (गरजेप्रमाणे कमी-जास्त गॅस ढकलणारा) कॉम्प्रेसर असेल तर अख्खा बदलण्याआधी त्याचा कंट्रोल वाल्व तपासा. लो अगदी खाली, व्हॅक्यूमकडे चाललेला, म्हणजे वाट कुठे तरी बुजली आहे. द्रव गॅसच्या कोमट पाइपवर अचानक जिथे गारवा किंवा दव लागतं तिथे अडथळा आहे. ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डबीच्या) दोन टोकांत तापमानाचा फरक जाणवला तर ड्रायर चोंदलाय. आणि सुरुवातीला सगळं ठीक, मग लो हळूहळू शून्याकडे, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक, असं चक्र दिसलं तर आतलं पाणी एक्स्पान्शन वाल्वच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक वाल्वच्या) तोंडाशी गोठतंय. नवा ड्रायर आणि लांब व्हॅक्यूम (पंपाने बराच वेळ आतली हवा-ओलावा ओढून काढणं) हाच त्यावर इलाज.

गळती शोधणं

गॅस जातो तिथे थोडं ऑइलही जातं आणि त्याला धूळ चिकटते. म्हणून पाइपच्या जोडांवर, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांत, कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलपाशी काळपट तेलकट डाग शोधा. सील गळत असेल तर क्लचच्या गोलाईत, बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाच्या शिंतोड्यांची एक रेषच उमटलेली असते. सर्व्हिस पोर्टच्या (गेज जोडायच्या तोंडांच्या) टोप्या हरवल्या असतील तर तिथल्या वाल्ववर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे लगेच दिसतील. हळू गळतीसाठी यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घालून काही दिवस गाडी चालवा आणि रात्री यूव्ही टॉर्चने बघा. कूलिंग कॉइल दिसत नाही, पण तिथून गळत असेल तर निचरा नळीच्या तोंडाशी डाय चमकतो.

रिकामं सर्किट तपासायचं तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन भरा, १५० पीएसआयच्या वर नको. कॉम्प्रेसरची साधी हवा भरू नका: तिच्यातून पाणी आत जातं, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर कधीच नाही. लीक बंद करणारी डबीबंद औषधं टाळा. ती एक्स्पान्शन वाल्व आणि रिकव्हरी मशीन दोन्ही बुजवतात.

जोडणी, व्हॅक्यूम, गॅस

सर्किट उघडलं की ड्रायर नवा आणि उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी, आर-१३४एला चालणाऱ्या एचएनबीआर रबराची. ओ-रिंग ऑइलमध्ये बुडवून बसवा, कोरडी पिळली जाते. नवा कंडेन्सर लावताना साधारण ३० मिली ऑइल, कूलिंग कॉइलला ३० ते ५० मिली, ड्रायरला १० ते ३० मिली घालायचं. कॉम्प्रेसर बदलताना जुन्यातलं ऑइल मापात ओतून घ्या आणि नव्यात तेवढंच ठेवा. पीएजी (आर-१३४एबरोबर वापरायचं कॉम्प्रेसर ऑइल) ४६, १०० की १५० हे कॉम्प्रेसरच्या पाटीवरून ठरवा. पीएजी हवेतलं पाणी ओढतं, उघडून ठेवलेला डबा दुसऱ्या दिवशी वापरू नका. जुन्या ऑइलमध्ये चांदीसारखी चमक किंवा काळा चिखल दिसला तर कॉम्प्रेसर आतून खरवडलाय. चपट्या नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, तो बदलावाच लागतो, नाहीतर तोच भुगा नव्या कॉम्प्रेसरला खातो.

व्हॅक्यूम पंप किमान ३०-४५ मिनिटं चालवा. समुद्रसपाटीला गेज (पाऱ्याच्या) २९ इंचांपर्यंत जायला हवा, कारण २५ अंशांचं पाणी जवळपास तिथेच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. उंचावरच्या गावात दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी दिसेल, तो पंपाचा दोष नाही. पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का पाहा. काटा स्थिर राहिला तरी दाबाखालीच उघडणारी गळती यात सापडत नाही, म्हणून नायट्रोजनची परीक्षा आधी.

गॅस वजनानेच भरा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, अनेक गाड्यांत ४०० ते ८०० च्या आसपास. सिलिंडर तराजूवर ठेवा, होजमधली हवा काढा, आणि इंजिन चालू असताना फक्त लो साइडने, सिलिंडर उभा ठेवून, वायुरूपातच आत सोडा. द्रव आत गेला तर कॉम्प्रेसर फुटतो. इंजिन चालू असताना गेजचा हाय साइडचा नॉब उघडला तर उलटा दाब सिलिंडरमध्ये जाऊन तो फुटू शकतो. पाइपवरच्या गॅस दिसणाऱ्या काचेत बघून किंवा ‘हाताला गार लागतंय’ म्हणून भरत राहू नका, ५०० ग्रॅमच्या सर्किटमध्ये ५०-७५ ग्रॅम जादा झाले तरी थंडावा कमी होतो. आणि आर-१३४एच्या जागी ज्वलनशील गॅसची मिश्रणं अजिबात नकोत. कूलिंग कॉइल फुटली तर तो गॅस थेट केबिनमध्ये येतो.

आर-१२ वर बनलेली गाडी असेल तर

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांचे एसी आर-१२ या जुन्या गॅसवर चालायचे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि त्यानुसार आर-१२चं उत्पादन विकसित देशांत १९९६ पासून, इतर देशांत २०१० पासून बंद झालं. अशा गाडीत नुसता आर-१३४ए ओतून चालत नाही. आर-१२च्या मिनरल ऑइलमध्ये तो विरघळत नाही, त्यामुळे ऑइल कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि तो कोरडा घासतो. जुनं ऑइल शक्य तितकं काढून पीओई प्रकारचं ऑइल घाला. ड्रायर एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ या ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा हवा. सगळ्या ओ-रिंग बदला, सर्व्हिस पोर्टला ॲडॅप्टर लावा. गॅस मूळ आर-१२च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के: आधी ८० टक्क्यांवर थांबा, मग थोडा थोडा वाढवत व्हेंटचा आकडा बघा, आणि हाय साइड वेगाने चढू लागली की हात आवरा. आर-१३४एचा दाब जास्त असतो, त्यामुळे मूळ कंडेन्सर लहान पडतो. जागा असेल तिथे चपट्या नळ्यांचा कंडेन्सर आणि जास्तीचा पंखा बसवला तर उभ्या गाडीतला थंडावा टिकतो. शेवटी बॉनेटखाली नवं स्टिकर लावा: कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणतं ऑइल, कोणत्या तारखेला.